मागच्या खोलीतला वारा

९ ऑक्टोबर

सहकारी दुकानवाल्यांनी गेल्या नाताळात दिलेली ही डायरी आजवर ओट्यावर नुसती पडून होती. तिच्यावर चहाचे गोल डाग पडलेत. आज लिहायला घेतली, कारण घरात मोठी गोष्ट घडली आणि ती सांगायला युननखेरीज कुणी नाही. माझ्या भावाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान उलट बोलत नाही.

आईच्या काळापासूनची लोखंडी शेगडी आज उखडली. दलदलीतून कापून आणलेल्या टर्फच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, विटा तिनं साठ वर्षं खाल्ल्या. आता युननची कंबर गेली, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दलदलीत उतरणार कसा आणि विटा उचलणार कशा? मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, पण शाळेतल्या पोरांचं जेवण रांधता रांधता माझेही खांदे कामातून गेले. आम्हां दोघांची लग्नं झाली नाहीत. कारणं विचारू नयेत, आम्हीही विचारत नाही.

फिअक्रा म्हणाला, “मावशी, पुरे झालं हे सरपण. रॉकेलवरचा बॉयलर बसवून देतो. बटण दाबायचं की घर गरम.” फिअक्रा आमच्या धाकट्या बहिणीचा, ब्रोनाचा मुलगा. ती गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून या घरात वाढला. यंदा वसंतात त्यानं दुसऱ्याची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला. गाडीवर निळ्या अक्षरांत नाव आहे, ‘फिअक्रा बॉनर, हीटिंग’. गाडी अंगणात आली की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाते आणि ते नाव वाचते.

मजुरी घेणार नाही म्हणतो. “मामाकडून मजुरी घेतली तर लोक माझ्या गाडीवर थुंकतील.”

युनन कुरकुरतोय. “रॉकेल दिव्यात घालायचं असतं. घर म्हणजे काय दिवा आहे?”

११ ऑक्टोबर

झालं एकदाचं. बॉयलर मागच्या खोलीत बसला, जिथे पूर्वी दूध ठेवायचो तिथे. त्याला लागूनच युननची झोपायची खोली आहे, जिना चढवत नाही म्हणून तो खालीच झोपतो. जुन्या धुराड्यातून नवी स्टीलची नळी वर सोडली. बाहेर हिरवी टाकी.

मग फिअक्रानं छिन्नी घेतली आणि बाहेरच्या भिंतीला पावाएवढं भोक पाडलं. युनन खुर्चीतून उठलाच. “अरे पोरा! सत्तर वर्षं आम्ही वारा बाहेर ठेवायला झटलो आणि तू त्याला दरवाजा करून देतोस?”

“ज्योतीला श्वास घ्यायला हवा ना, मामा.”

“श्वास? आणि मी काय घेऊ, न्यूमोनिया?”

फिअक्रा हसला नाही. एरवी मामाच्या प्रत्येक बोलण्याला हसतो. आम्हां दोघांना समोर उभं करून म्हणाला, “हे भोक बुजवायचं नाही. कधीच नाही. हवा कमी पडली की ज्योत अर्धपोटी जळते, काजळी धरते, आणि नळीतून वर जायचा वायू घरात शिरतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही.” आम्ही दोघांनी शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

नंतर जुळवणी. पेटवला तेव्हा मला वाटलं काम संपलं, मी किटली ठेवली. कसलं काय! पंपावर दाब दाखवणारी तबकडी लावली, स्क्रू इकडे तिकडे केसभर फिरवला. हवेची झडप कमी केली, जास्त केली. नळीत सळई घालून हातातल्या यंत्रावरचे आकडे बघत बसला. मग एका हातपंपानं नळीतला धूर पांढऱ्या कागदातून ओढला आणि कागद खिडकीपाशी धरला. बारीकसा करडा ठिपका होता. पुन्हा झडप, पुन्हा कागद. ब्रोना व्हायोलिन जुळवायला बसली की असंच, सगळ्यांचे कान किटले तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

मी म्हटलं, “अरे, पेटलाय ना? मग?”

“पेटणं वेगळं, मावशी, नीट जळणं वेगळं.” शेवटी कागद कोरा आला. मला दाखवला. “बघ. बर्फ.”

जाताना भिंतीवर एक पांढरी डबी लावली. “ही ओरडली की दारं उघडायची, बाहेर पडायचं आणि मला फोन करायचा.”

“आणि नाही ओरडली तर?” युनन म्हणाला.

“तर चहा प्यायचा.”

१३ ऑक्टोबर

ऊब आहे, खरंच ऊब आहे! सकाळी उठून नाकाचं टोक चाचपावं लागलं नाही. युननला बॉयलर नको होता म्हणे, आता त्यानं आपली खुर्ची मागच्या खोलीत नेऊन त्याच्याशेजारीच मांडली आहे. दिवसभर तिथेच. रेडिओवरच्या मयताच्या बातम्याही तिथेच ऐकतो. शेगडीसमोर बसायचा तसाच.

१९ ऑक्टोबर

पश्चिमेचा वारा सुटलाय. त्या भोकातून असा येतो की खुंटीवरची फडकी हलतात. युनन कण्हतो, “डिम्फना, माझ्या मानेवर कुणी तरी मेलेला मासा ठेवलाय.” खुर्ची सरकव म्हटलं तर सरकवत नाही.

या डोंगरावर जन्मलेल्या माणसाला वाऱ्याची वाट दिसली की ती बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. आई किल्लीच्या भोकातसुद्धा कागद कोंबायची. दाराखाली पोतं, खिडकीच्या फटीत चिंध्या. ज्या घरात वारा शिरतो तिथली बाई आळशी, असं सगळा गाव समजायचा, अजून समजतो. शेजारची ॲट्रॅक्टा परवा डोकावली तेव्हा शेजारधर्म म्हणून गप्प राहिली, पण शाल घट्ट केली. मी बघितलं.

युननचं जुनं, लांब बाह्यांचं लोकरी बनियन होतं, कोपरं गेलेलं. ते घडी करून भोकात बसवलं. अगदी गच्च नाही. लोकरीतून हवा जातेच, आपण नाही का थंडीत मफलरमधून श्वास घेत. वारा पडला की काढीन. फिअक्राला सांगायला नको, उगाच काळजी करेल.

युनन म्हणाला, “आता कसं माणसांचं घर झालं.”

२७ ऑक्टोबर

दुपारी तव्यावर मांसाच्या पट्ट्या तळत होते आणि ती भिंतीवरची डबी किंचाळायला लागली. कुत्रा बाहेर पळाला. युनन म्हणतो, “तुझ्या स्वयंपाकाला घाबरली बिचारी.” खिडकी उघडली, गप्प झाली. लावली, पुन्हा सुरू. शेवटी युनननं काठीनं ती खाली पाडली आणि टर्फ साठवायच्या छपरात नेऊन खिळ्याला टांगली. तिथं एका क्षणात शांत. “बघ,” म्हणाला, “डबीत दोष नाही. तव्यात आहे.”

फिअक्राला फोन करावा असं मनात आलं होतं. पण तो आला असता, बनियन बघितलं असतं. आणि एक पैसा न घेता केलेल्या कामाची तक्रार कुठल्या तोंडानं करायची? दुसऱ्या कुणाला बोलवावं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल की मावशीचाच भाच्यावर भरवसा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तळताना धूर होतोच. त्यात काय एवढं.

डोकं दुखतंय. सकाळी मिस्सेला जाते तेव्हा अर्ध्या वाटेत उतरतं, देवळात तर अगदी हलकं वाटतं. घरी आलं की तासाभरात पुन्हा. प्रार्थना वाढवली पाहिजे.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईबाबांच्या आणि ब्रोनाच्या थडग्यावर दिवे लावून आले. युनन आला नाही, पाय उचलत नाहीत म्हणाला. परत आले तर खुर्चीत डुलत होता. जागा झाला आणि म्हणतो, “आई कुठं गेली? आत्ता तर इथं बसली होती.”

मला भीती वाटली नाही. आजच्या दिवशी आलीही असेल. मी म्हटलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, किती सुस्तावलाय हा मुलगा.”

दोघंही हसलो. पण रात्री जेवताना त्याच्या हातून काटा दोनदा पडला. म्हातारपण एकदा उंबरठ्यात आलं की भराभर आत येतं. मागच्या खोलीतल्या पडद्यावर बोट फिरवलं तर काळं झालं. रॉकेल ते रॉकेलच. कुत्रा आता घरात पाऊलच टाकत नाही, गोठ्यात झोपतो. शेगडी गेल्यापासून रुसलाय.

८ नोव्हेंबर

फिअक्रा आला. बॉयलर बसवून महिना होत आला, बघून जातो म्हणाला. फोन आला तेव्हाच मी बनियन काढून पलंगाखाली टाकलं. युनननं बघितलं आणि डोळा मारला.

फिअक्रानं बॉयलरचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. आत काजळी होती. कागदावरचा ठिपका करडा नाही, चक्क काळा. “असं कसं झालं?” स्वतःशीच म्हणत होता. “मी कोरा कागद बघितला होता, मावशी. तूही बघितलास ना?”

“बघितला रे.”

युनन मुद्दाम चिडवायला म्हणाला, “तुझं यंत्र मामाला आतून काळं करतंय. टर्फ निदान बाहेरून करायचा.”

फिअक्राचे कान लाल झाले. आतलं सगळं ब्रशनं साफ केलं, नॉझल बदललं, झडप पुन्हा लावली, दुपार त्यातच गेली. ठिपका कोरा आला तरी त्याचं मन भरेना. “पहिल्या वेळी माझंच काही चुकलं असणार,” म्हणाला. “नवीन धंदा आहे, घाई करतो मी.” मला सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण युनन बसलेला, फिअक्रा आधीच हिरमुसलेला, आणि ज्या गोष्टीला त्यानं कधीच नाही म्हणून बजावलं होतं तीच केली असं कसं सांगू? त्याच्यासाठी केक केला होता, अर्धा बांधून दिला. त्याच्या बायकोला, ओर्लाला, दिवस गेलेत, तिला गोड लागतं. डबीच्या रिकाम्या जागेकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मी तिथे कॅलेंडर लावलंय.

संध्याकाळी वारा आला. बनियन पुन्हा बसवलं.

१५ नोव्हेंबर

युननला सकाळी उलटी झाली. दार धरून उभा होता आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते त्याला समजेना. डॉक्टरीण आली. गॉर्मली नावाची तरणी मुलगी आहे, बोलायला गोड. त्याच्या हृदयाचं जुनं दुखणं तिला ठाऊक आहे. छाती ऐकली, गोळ्या वाढवल्या आणि म्हणाली, “यांना ऊब द्या. थंडी बाधू देऊ नका.”

दिली ऊब. बॉयलरचा आकडा वाढवला. बनियनच्या कडेनं सुरसुर येत होती तिथं पावाच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या.

माझंही डोकं फणफणतंय, मळमळतंय. त्याचीच साथ मला लागली असणार.

२१ नोव्हेंबर

युनन गेला.

मिस्सेहून आले. तो खुर्चीत होता. मी चहा ठेवला, हाक मारली, चहा थंड होतोय म्हणून रागावलेसुद्धा. गाल लाल होते, आत्ताच बाहेरून चालून आल्यासारखे. हातही गरम होता. बॉयलरशेजारी बसलेला, गरम असणारच.

डॉक्टरीण म्हणाली, हृदय. झोपेतच गेले, कळलंही नसेल त्यांना.

माझा भाऊ. अख्ख्या जन्मात आम्ही एकमेकांना एक शब्द धड गोड बोललो नाही आणि आता मला बोलायला कुणी नाही.

२३ नोव्हेंबर

कालचं लिहिते आहे. काल हात उचलत नव्हता.

मयत झालं की आमच्याकडे त्या घरच्या बाईनं केरसुणीला हात लावायचा नसतो. ॲट्रॅक्टा आणखी दोघींना घेऊन सकाळीच आली, मला खुर्चीत दाबून बसवलं आणि घर ताब्यात घेतलं. भिंती पुसल्या, पडदे धुतले, मागची खोली घासून काढली. दुपारी युननला रात्रीच्या जागरणासाठी पुढच्या खोलीत निजवलं, काळा कोट, हातात जपमाळ. माणसं येऊ लागली. दारं सताड उघडी, माझं डोकं कितीतरी दिवसांनी हलकं झालं होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

एकेक जण त्याच्याजवळ उभा राहायचा, क्रूसाची खूण करायचा आणि मला म्हणायचा, “किती छान दिसतोय गं! काय रंग आहे चेहऱ्यावर!” म्हातारा पॅडी म्हणाला, “जिवंतपणी याला कधी एवढं गुलाबी बघितलं नव्हतं.” लोक हसले. मीही हसले. अशा वेळी हसतातच.

संध्याकाळी गॉर्मली डॉक्टरीण भेटायला आली. माझे हात हातात घेतले, मग युननपाशी गेली. आणि तिथेच थांबली. टेबलावरचा दिवा उचलून त्याच्या चेहऱ्याजवळ नेला. जपमाळेखालची बोटं उलटी करून नखं पाहिली.

ती मला हळूच म्हणाली, “डिम्फना, त्यांचं डोकं दुखायचं का?”

“दुखायचं.”

“तुमचं?”

“माझंही. मिस्सेला गेलं की थांबतं.”

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. वळून मोठ्यानं म्हणाली, “सगळ्यांनी बाहेर चला. आत्ता. बॉयलर बंद करा कुणी तरी.” माणसं चहाचे कप हातात घेऊनच अंगणात आली. फिअक्रा आत धावला, बॉयलर बंद केला, बाहेर आला. ओर्लानं त्याला धरलं. मग गाडी बोलावली आणि युननला शवचिकित्सेसाठी शहराच्या इस्पितळात नेलं, लोकांच्या देखत, जागरणातून उचलून. या गावात असं कधी झालं नव्हतं. पॅडीनं टोपी काढली ती घालायला विसरला.

मी अंगणात उभी होते. समोर दोरीवर पडदे वाळत होते, आणि पडद्यांच्या शेजारी युननचं लोकरी बनियन, स्वच्छ धुतलेलं.

२७ नोव्हेंबर

आज युननला पुरलं, आईच्या पायाशी. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला, तोच तो वास नसलेला वायू. गच्च भरलेलं होतं म्हणे.

तपासायला हेगार्टी नावाचा माणूस आला होता, राखाडी कोट, हळू बोलणारा. बॉयलर उघडला. काजळी लोंबत होती. डबी टर्फच्या छपरात सापडली, ती तिथं कशी हे मी खरं खरं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. मग फिअक्राला म्हणाला, “काजळी अशी धरते ती दोनच कारणांनी. हवा कमी लावलेली असते, किंवा कमी मिळालेली असते.” त्यानं भिंतीतल्या भोकात हात घातला, पार पलीकडे. “इथं तर मोकळं आहे.”

फिअक्रा म्हणाला, “मी जुळवला होता. दोनदा. कागद कोरा होता.”

“तसं सगळेच म्हणतात,” हेगार्टी म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला.

मी तिथेच उभी होते. बनियनबद्दल मला कुणी विचारलं नाही. आणि एका बनियनानं असं होतं का? आई जन्मभर फटी बुजवत होती, तिच्या घरात कुणी मेलं नाही. पण तेव्हा धुराडं केवढं होतं! मला काही कळत नाही. पिशव्या नको होत्या घालायला.

२९ नोव्हेंबर

ॲट्रॅक्टा आली. बनियन इस्त्री करून, घडी घालून, कागदात बांधून आणलं होतं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “हे तुझं. कुठून काढलं ते मला आठवत नाही.”

मी म्हटलं, “ॲट्रॅक्टा…”

“वय झालं गं माझं. काही म्हणता काही आठवत नाही. ठेव कपाटात. झाकली मूठ बरी असते.” चहा न पिताच गेली. तिच्या सुनेकडे फिअक्रा बॉयलर बसवणार होता. आता दुसरा माणूस येतोय, हे मात्र तिला आठवलं, दारात सांगून गेली.

३ डिसेंबर

फिअक्रा आला. बारीक झालाय. मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही, म्हणून मी गेले. हातात टॉर्च घेऊन भोकापुढे गुडघ्यांवर बसला होता. माझ्याकडे न बघता विचारलं, “मावशी, हे भोक कधी बुजवलं होतं का? थोडंसं? मामानं, कुणी?”

‘मामानं’ म्हणालीस तरी चालेल, असं विचारत होता तो. मेलेल्या माणसाला काय! मला ‘हो’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण मग युननला मी मारलं असं होईल. खुर्चीत बसवून, ऊब देऊन, माझ्या हातांनी. ते शब्द तोंडातून काढून मी या घरात जगू कशी? एकटी?

मी म्हटलं, “नाही रे.”

त्यानं भोकाच्या कडेला आत बोटं फिरवली, विटेच्या खडबडीत भागातून काहीतरी मऊ, तंतूसारखं ओढून काढलं, बोटांत चोळलं आणि खिशात टाकलं. कोळिष्टक असेल. मग माझ्याकडे बघितलं. लहानपणी ब्रोनाला पुरून आलो तेव्हा त्या रात्री बघितलं होतं तसं बघितलं, आणि उठून मला मिठी मारली. “बरं,” म्हणाला. “बरं, मावशी. रडू नकोस.”

मी कुठे रडत होते? रडत होते म्हणे.

विश्वास ठेवला त्यानं. एवढ्या चांगल्या पोराशी मी खोटं बोलले.

११ डिसेंबर

चौकशीत फिअक्रानं लिहून दिलं की जुळवणीत आपलीच चूक झाली असावी. हेगार्टीला यापेक्षा जास्त काही नको होतं. परवाना गेला. खटला होणार नाही असं म्हणतात, नातलग तक्रार करत नाहीत म्हणून. नातलग म्हणजे मी.

आज दुकानासमोर त्याची गाडी उभी होती. निळी अक्षरं खरवडून काढलीत, पण उजेड तिरका पडला की नाव अजून वाचता येतं. ओर्ला माझ्याशी बोलली, पण नजर देऊन नाही. नाताळ झाला की ते पर्थला जाणार, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या भावाकडे. बाळ तिकडेच होईल.

उद्या सांगते. हेगार्टीचा फोन नंबर कॅलेंडरच्या मागं लिहिलाय. उद्या सकाळी मिस्सेनंतर.

१९ डिसेंबर

सांगितलं नाही. पापनिवेदनाला गेले होते. राग केला, प्रार्थना चुकवली, शेजारणीबद्दल वाईट बोलले, एवढं सांगून फादरकडून प्रायश्चित्त घेतलं आणि घरी आले.

६ जानेवारी

बायकांचा नाताळ. आज घरातल्या बाईनं काही करायचं नाही, पुरुषांनी तिला चहा करून द्यायचा. युनन दरवर्षी एकदा आजच्याच दिवशी चहा करायचा, आणि तो पिण्यालायक नसायचा.

फिअक्रा निरोप घ्यायला आला. उद्या विमान आहे. त्यानं स्वतःच शहरातून, लेटरकेनीहून, एक माणूस बोलावून बॉयलर साफ करून, जुळवून घेतला होता गेल्या आठवड्यात. तो माणूस काम करत असताना हा अंगणात उभा होता, आत आला नाही. नवी डबी लावली आहे, उंचावर, माझा हात पोचणार नाही अशी.

आज येताना लोखंडाची जाडजूड जाळी घेऊन आला. मागच्या भिंतीतल्या भोकाला आतून बसवली आणि तशीच दुसरी बाहेरून. स्क्रू घट्ट केले, मग त्यांची डोकी कापून काढली. आता ती जाळी कुणालाच काढता येणार नाही.

मी विचारलं, “हे कशाला?”

हत्यारं पिशवीत भरता भरता म्हणाला, “उंदरांसाठी, मावशी. हिवाळ्यात आत येतात.”

मग मला खुर्चीत बसवलं आणि चहा करून दिला, साखर दोन चमचे, मला लागते तेवढी. समोर बसून मी पिईपर्यंत थांबला. भोकातून वारा येत होता, त्यानं उठून स्वतःचा कोट माझ्या खांद्यांवर घातला आणि तो इथेच ठेवून गेला. तिकडे उन्हाळा आहे, लागणार नाही म्हणाला.

तो गेल्यावर मी जाळी बघितली. तिची भोकं माझ्या अंगठ्याएवढी आहेत. उंदीर सहज येईल.